संथाळांची हूल, १८५५-५६ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत संथाळांच्या उठावाला जेमतेम एखादी ओळ मिळते, तीही १८५७ पूर्वीच्या 'इतर उठावां'च्या यादीत, रामोशी आणि भिल्लांच्या शेजारी. धनुष्यबाण घेऊन बंदुकांसमोर उभे राहिलेले भोळे आदिवासी, एवढेच चित्र त्यातून डोक्यात बसते. खालच्या उत्तरांत बाण आहेतच, पण सावकाराच्या वह्या, बाजारातली मापे आणि वाऱ्यावर सोडलेले अर्ज यांना त्याहून जास्त जागा दिली आहे. त्यांच्याशिवाय हा उठाव समजत नाही.

आधी थोडक्यात सांगा. काय झाले?

३० जून १८५५ रोजी राजमहालच्या टेकड्यांजवळच्या भोगनाडीह गावात सुमारे १०,००० संथाळ जमले. मुर्मू कुळातल्या सिदो, कान्हू, चांद आणि भैरव या चार भावांनी कंपनी सरकार, सावकार आणि जमीनदार यांचा अंमल संपल्याचे जाहीर केले. आठवडाभरात एका दरोग्याला, म्हणजे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला, ठार मारले गेले आणि रक्तपाताला सुरुवात झाली. पुढचे सहा-सात महिने भागलपूरपासून बीरभूमपर्यंतचा मुलूख सरकारच्या हातात धड नव्हता. १० नोव्हेंबर १८५५ ला लष्करी कायदा पुकारला गेला, ३ जानेवारी १८५६ ला तो उठवला आणि फेब्रुवारीत कान्हूला फाशी झाली. मारल्या गेलेल्या संथाळांचा आकडा सर्वसाधारणपणे १५,००० ते २०,००० धरला जातो. उठावाला संथाळीत हूल म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे.

हा भाग आज कुठे येतो?

मुख्यतः झारखंडमधले साहिबगंज, पाकुड, गोड्डा आणि दुमका हे जिल्हे. झळ बिहारमधल्या भागलपूरला आणि पश्चिम बंगालमधल्या बीरभूम-मुर्शिदाबादलाही लागली. तेव्हा हे सगळे बंगाल इलाख्यातच मोडत होते.

संथाळ तिथले मूळ रहिवासी होते ना?

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक ठिकाणी हा भाग गाळलेला असतो. राजमहालच्या डोंगरांवर आधीपासून राहत होते ते पहाडिया. फिरती शेती आणि शिकार यांवर जगणारे हे लोक सपाटीवरच्या गावांवर धाडी घालत. त्यांना शांत करण्यासाठी भागलपूरचा कलेक्टर ऑगस्टस क्लीव्हलंड याने त्यांच्या सरदारांना तनखे बांधून दिले आणि पहाडियांचीच एक तिरंदाज पलटण उभी केली. तरीही पहाडियांनी नांगर काही धरला नाही, आणि नांगर नाही म्हणजे सारा नाही. कंपनीला हे परवडण्यासारखे नव्हते.

मग शेती करणारी दुसरी माणसे शोधली गेली. बीरभूम, मानभूम, हजारीबाग या भागांतून संथाळ आधीच जंगल तोडत तोडत इकडे सरकत होते. १८३२-३३ मध्ये डोंगराभोवती दगडी खांब रोवून सुमारे १,३६६ चौरस मैलांचा प्रदेश वेगळा काढला गेला. त्याचे नाव दामिन-इ-कोह, म्हणजे डोंगराचा पदर. संथाळांना इथे वस्ती करायला मुभा मिळाली. १८३८ मध्ये दामिनमध्ये त्यांची ४० गावे होती आणि वस्ती ३,००० च्या आसपास. १८५१ पर्यंत गावे १,४७३ झाली आणि माणसे ८२,७९५. त्याच काळात सरकारी वसुली ६,६८२ रुपयांवरून वाढत वाढत १८५४-५५ मध्ये ५८,०३३ रुपयांवर गेली.

तेव्हा 'मूळ' या शब्दाचा आग्रह धरला तर पहिला हक्क पहाडियांचा ठरतो, आणि संथाळांच्या वस्तीमुळे ते आणखी वर, नापीक डोंगराकडे ढकलले गेले हेही खरे. संथाळांचा दावा वेगळ्या पायावर उभा होता. हे रान आम्ही मोडले, वाघ-अस्वलांना हटवून शेते आम्ही तयार केली, तर जमीन आमची. सरकारनेच बोलावून वसवलेल्या लोकांना तीच जमीन एका पिढीच्या आत सावकाराच्या घशात जाताना दिसली. हुलीचे मूळ तिथे आहे.

सावकार तर सगळीकडेच होते. इथे विशेष काय होते?

बरहेट हे दामिनमधले मोठे बाजाराचे गाव, भोगनाडीहपासून हाकेच्या अंतरावर. बंगाली, भोजपुरी आणि इतर बाहेरचे व्यापारी तिथे पेढ्या थाटून बसले होते. संथाळांनी पिकवलेला तांदूळ, मोहरी आणि इतर तेलबिया बैलगाड्यांत भरून भागीरथीकाठच्या जंगीपूरला जात, तिथून मुर्शिदाबाद आणि कलकत्त्याला. मोहरीचा मोठा वाटा तर पुढे जहाजाने इंग्लंडला रवाना होई. बदल्यात पिकवणाऱ्याच्या हातात पडे थोडा पैसा, मीठ, तंबाखू किंवा कापड.

माप दोन प्रकारचे असायचे. संथाळाकडून धान्य घेताना वापरायचे ते मोठे, त्याचे नाव केनाराम. त्यालाच मीठ-तेल विकताना वापरायचे ते छोटे, त्याचे नाव बेचाराम. देवाची नावे लावलेली ही खोटी मापे एकाच दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली असत. गिऱ्हाइकाला लिहिता-वाचता येत नसे, मग काय बिघडणार?

कर्जावरचे व्याज ५० टक्क्यांपासून ५०० टक्क्यांपर्यंत चढे, असे त्याच काळातल्या इंग्रजी लेखनात नोंदलेले आहे. फेड झाली नाही की माणूसच गहाण पडे. त्याचे दोन प्रकार होते. कमियोतीत कर्ज फिटेपर्यंत सावकाराच्या घरी राबायचे. हरवाहीत त्याला गरज पडेल तेव्हा आपली कामे टाकून त्याचे शेत नांगरून द्यायचे. मजुरीची रक्कम व्याजालाही पुरत नसल्याने ही वेठ बापाकडून मुलाकडे जाई.

मग त्यांनी कोर्टात दाद का मागितली नाही?

मागितली. अडचण अशी की दामिनमध्ये सारा वसूल करायला अधिकारी होता, त्याचे नाव जेम्स पाँटेट, पण दिवाणी-फौजदारी न्याय द्यायला कोणी नव्हते. न्याय भागलपुरात किंवा देवघरात. तिथवर कित्येक दिवस चालत जायचे, वकील-मुख्त्याराला पैसे चारायचे, अंमलदाराला न कळणाऱ्या भाषेत बाजू मांडायची, आणि समोरच्या सावकाराकडे सहीशिक्क्याचा रोखा तयार. जवळचे सरकार म्हणजे दिघीचे ठाणे. तिथला दरोगा महेशलाल दत्त सावकारांच्या पंक्तीत बसणारा होता.

वरिष्ठांकडे अर्जही गेले होते. कमिशनरच्या कचेरीत व्याजाच्या आणि जुलमाच्या तक्रारी पोहोचल्या होत्या, त्यांचे पुढे काही झाले नाही. म्हणूनच 'आदिवासी अचानक खवळले' हे वाक्य मला पटत नाही. ज्याला अर्ज वाचायचा नव्हता, त्याला ते अचानक वाटले असेल.

रेल्वेचा काय संबंध?

ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग राजमहालच्या बाजूने नेण्याचे काम तेव्हा चालू होते. भरावाच्या कामावर मजुरी रोख मिळे, आणि वेठीत अडकलेला माणूस तिकडे पळून जाऊन चार पैसे मिळवू शके. सावकाराला हे अर्थातच खपत नसे. पण त्याच रेल्वेच्या युरोपीय कंत्राटदारांची आणि मुकादमांची माणसे गावांतून कोंबड्या-बकऱ्या फुकट उचलत, सक्तीने कामाला जुंपत. बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारीही आहेत. म्हणजे ज्या कामाने सुटकेची वाट दाखवली त्याच कामाने नवे जुलमी आणले.

ठिणगी नेमकी कशाने पडली?

एका दिवसात नाही पडली. १८५४ मध्ये बीरसिंग मांझी नावाच्या पुढाऱ्याच्या टोळीने सावकारांची घरे लुटायला सुरुवात केली. पाकुडच्या जमीनदारीच्या कचेरीत त्याला बोलावून दंड केला आणि त्याच्या माणसांदेखत जोड्याने मारले. मांझी म्हणजे गावाचा प्रमुख. आपल्याकडे भर चावडीत पाटलाला असे मारले असते तर काय झाले असते, याचा विचार करा. गोचो नावाच्या एका खाऊनपिऊन सुखी संथाळालाही चोरीच्या आळाखाली महेशलाल दत्तने छळले. गरीब आधीच पिचलेले होते. आता ज्यांच्याकडे दोन बैल जास्त होते तेही दुखावले गेले. उठावाला पुढारी मिळाले ते याच वर्गातून.

७ जुलै १८५५ ला हाच दरोगा सावकारांच्या सांगण्यावरून सिदो-कान्हूंना पकडायला निघाला. पंचकठिया इथे वडाच्या झाडापाशी जमाव समोर आला आणि दरोगा तिथेच मारला गेला.

'ठाकूरचा हुकूम' हे काय प्रकरण होते?

ठाकूर म्हणजे संथाळांचा परमेश्वर. तो आपल्या घरी प्रकटला, त्याने आपल्याशी बोलून हुकूम दिला, असे सिदो-कान्हूंनी सांगितले. सालवृक्षाच्या डहाळ्या गावोगाव फिरवून भोगनाडीहच्या सभेचे बोलावणे धाडले गेले. निरक्षर समाजाची ही समन्सची पद्धत होती, आणि डहाळी आली की मांझीने माणसे घेऊन निघायचे हे सगळ्यांना ठाऊक होते.

गंमत अशी की निरक्षर समाजाच्या या बंडाने कागदालाही तितकेच मानले. कमिशनर, कलेक्टर, मॅजिस्ट्रेट, ठाणेदार आणि जमीनदार यांना परवाने, म्हणजे हुकूमपत्रे, लिहून पाठवले गेले, काहींना उत्तरासाठी १५ दिवसांची मुदतही दिली. नांगरामागे किती आणे द्यायचे आणि रुपयामागे किती व्याज घ्यायचे याचे दर त्यांनी स्वतः ठरवले होते. एका परवान्याचा आशय असा आहे: कान्हू आणि सिदो लढत नाहीत, लढणार तो स्वतः ठाकूर, तेव्हा साहेबांनो, लढायचे तर ठाकूरशी लढा.

याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण सारा ठरवणे, व्याज ठरवणे आणि हुकूम काढणे ही राजाची कामे आहेत, आणि तेवढा अधिकार सांगायला त्या दोघांना कंपनीच्या वरचा कोणीतरी हवाच होता.

लढाया कशा झाल्या?

सुरुवातीला सरकार गाफील होते. १६ जुलैला पीरपैंतीजवळ मेजर बरोज याची तुकडी संथाळांनी पिटाळून लावली. ही तुकडी म्हणजे तीच पहाडियांची पलटण, क्लीव्हलंडच्या काळात उभी केलेली. या विजयाची बातमी पसरली आणि कुंपणावरचे पुष्कळ लोक आत आले. त्याच सुमारास महेशपूरला मात्र मुर्शिदाबादहून आलेल्या फौजेने संथाळांचा पराभव केला.

मग पावसाळ्यात डोंगर-जंगलातला पाठशिवणीचा खेळ चालला. मुर्शिदाबादच्या नवाबाने सरकारला हत्ती पुरवले. गावे जाळली गेली. ऑगस्टमध्ये दहा दिवसांत शरण येणाऱ्यांना माफीचा जाहीरनामा निघाला, पण त्याला फारसे कोणी विचारले नाही. शेवटी मेजर-जनरल लॉइड आणि ब्रिगेडियर बर्ड यांच्या हाताखालच्या फौजांनी हिवाळा लागताच चहूकडून फास आवळला.

या मोहिमेत असलेला मेजर जर्व्हिस पुढे जे सांगून गेला ते वाचण्यासारखे आहे. त्याच्या मते हे युद्ध नव्हतेच. संथाळांना शरण जाणे माहीत नव्हते. त्यांचा नगारा वाजत असेपर्यंत सगळी टोळी जागेवर उभी राही आणि गोळ्या झेली; त्यांचे बाण शिपायांना लागत, म्हणून ते उभे असेपर्यंत गोळीबार करावाच लागे. नगारा थांबला की ते पाव मैल मागे सरत, नगारा पुन्हा सुरू होई, आणि फौज येऊन गोळ्या झाडेपर्यंत ते पुन्हा शांतपणे उभे राहत. स्वतःची लाज वाटली नाही असा एकही शिपाई या मोहिमेत नव्हता, असे त्याने म्हटले आहे.

संथाळांकडूनही क्रौर्य झाले का?

झाले, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. सावकार आणि जमीनदारांची माणसे हालहाल करून मारली गेली, बाजार लुटले, निळीच्या कोठ्यांवर आणि रेल्वेच्या बंगल्यांवर हल्ले झाले. काही युरोपीय मारले गेले, त्यांत स्त्रियाही होत्या. एका जमीनदाराचा किस्सा इंग्रजांच्या जिल्हा-नोंदींत आहे. त्याचे आधी पाय तोडले आणि 'चार आणे' असे ओरडले. मग मांड्यांपासून तोडून 'आठ आणे'. मग हात तोडून 'बारा आणे'. शेवटी मुंडके उडवून 'फारखती', म्हणजे सोळा आणे कर्ज फिटले. ज्या कर्जाची फारखती कधीच लिहून मिळाली नाही ती त्यांनी अशी वसूल केली. वाचताना अंगावर काटा येतो, पण राग कशावर होता हे त्यातून दिसते.

लढणारे सगळे संथाळच होते का?

नाही. लोहार, कुंभार, तेली, गवळी, डोम, भुइया अशा जातींची आणि काही मुसलमान विणकरांची साथ होती. बाणांची पाती, बातम्या आणि नगारे हे सगळे त्यांच्याकडून आले, आणि त्यांना हात लावायचा नाही असे हुकूम होते. पकडलेल्यांवरच्या खटल्यांतली एक यादी पाहा. ५४ गावांतले २५१ आरोपी. त्यांत १९१ संथाळ, ३४ नैया, ७ कोल, ६ धांगड, ६ भुइया, ५ डोम, १ गवळी आणि १ रजवार. या कैद्यांत ४६ मुले होती, नऊ-दहा वर्षांची.

फुलो आणि झानो खऱ्या होत्या का?

या सिदो-कान्हूंच्या बहिणी. लोकस्मृतीत त्या फार मोठ्या आहेत: रात्री छावणीत शिरून त्यांनी शिपाई कापले असे गाण्यांत आणि सभांत सांगितले जाते. सरकारी कागदांत त्यांच्याविषयी जवळपास शुकशुकाट आहे. उठावात संथाळ स्त्रिया होत्या, त्या तुरुंगातही गेल्या, एवढे मात्र निश्चित.

चौघा भावांचे पुढे काय झाले?

सिदो आपल्यातल्याच काहींच्या फितुरीने ऑगस्टमध्ये पकडला गेला आणि फासावर गेला. चांद आणि भैरव लढाईत पडले. कान्हू वर्षाच्या शेवटी जामताड्याच्या बाजूला, उपरबांधाजवळ घटवालांच्या, म्हणजे घाटवाटांच्या राखणदारांच्या, हाती लागला. जानेवारी १८५६ मध्ये खास कमिशनरपुढे त्याचा खटला चालला आणि फेब्रुवारीत भोगनाडीहमध्येच त्याला फाशी देण्यात आली.

एवढे करून मिळाले काय?

पराभवाच्या मानाने बरेच. २२ डिसेंबर १८५५ ला, म्हणजे लष्करी कायदा अजून चालू असताना, सरकारने १८५५ चा ३७ वा कायदा मंजूर केला. त्याने भागलपूर आणि बीरभूममधून तुकडे काढून 'संथाळ परगणा' हा वेगळा जिल्हा केला आणि तो बंगालच्या नेहमीच्या कायदेकानूंच्या बाहेर ठेवला. अॅश्ली ईडन हा त्याचा पहिला डेप्युटी कमिशनर. भागलपूरचा कमिशनर जॉर्ज यूल याने नियम घालून दिले: दरोगा नको, वकील-मुख्त्यार नको, संथाळाने थेट साहेबापुढे तोंडी फिर्याद मांडावी, आणि गावचा बंदोबस्त मांझीनेच पाहावा. थोडक्यात, उठावापूर्वी अर्जांत जे मागितले होते त्यातले बरेचसे हजारो माणसे मारून झाल्यावर दिले गेले.

सावकार मात्र लगेच परत आला. सारा वाढला. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा हवा तापली. मग १८७२ च्या रेग्युलेशनने व्याजावर २४ टक्क्यांची मर्यादा घातली, गावाच्या जमिनीची आणि रिवाजांची नोंद सुरू झाली. पुढे जमीन बाहेरच्यांना देण्यावर बंदी आली आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा संथाळ परगणा कूळकायदा झाला. तो आजही लागू आहे.

त्याच्यावरून आजही रण पेटते. २०१६ मध्ये झारखंड सरकारने हा आणि छोटा नागपूरचा असे दोन्ही कायदे सैल करणारी विधेयके आणली. मोठा विरोध झाला. २०१७ मध्ये राज्यपालांनी ती परत पाठवली. त्या राज्यपाल होत्या द्रौपदी मुर्मू, स्वतः संथाळ, ज्या २०२२ मध्ये राष्ट्रपती झाल्या.

एक विसरू नये: उठावानंतर हजारो संथाळ माल्दा-दिनाजपूरकडे आणि आसामच्या चहामळ्यांकडे पांगले. मळ्यांतल्या त्यांच्या वंशजांना आसामात अजून अनुसूचित जमातीचा दर्जा नाही.

याला १८५७ ची नांदी म्हणता येईल का?

भाषणात म्हणतात, पण जोडणी कच्ची आहे. १२ जून १८५७ ला देवघरजवळच्या रोहिणी इथे पाचव्या घोडदळातल्या तीन स्वारांनी सर नॉर्मन लेस्ली या अधिकाऱ्याला मारले. हे संथाळ परगण्यातच घडले, तरी संथाळ मोठ्या संख्येने त्यात उतरले नाहीत. दीड वर्षापूर्वीच त्यांचे कंबरडे मोडले होते. शिवाय हुलीत त्यांच्यावर गोळ्या झाडणारे बंगाल फौजेचे देशी शिपाईच होते. हुलीला मोठे ठरवण्यासाठी १८५७ च्या कुबडीची गरज नाही.

महाराष्ट्रात याच्या जवळचे काय आहे?

थेट संबंध नाही, पण सावकार-कोर्ट-पोलीस ही साखळी आपल्याला ओळखीची वाटेल. अकोले तालुक्यातल्या महादेव कोळ्यांचे नेते राघोजी भांगरे यांच्या बंडात सावकारांवर हल्ले झाले. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. खानदेशात भिल्लांशी वर्षानुवर्षे झुंजल्यावर इंग्रजांनी १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभी केली, राजमहालच्या पहाडियांची केली होती तशीच. आणि १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या-रोखे ओढून काढून जाळले. तिथे राग माणसांपेक्षा कागदांवर निघाला आणि मारामारी फार कमी झाली. त्यातूनही १८७९ चा शेतकरी-संरक्षणाचा कायदा निघाला. आधी दंगा, मग चौकशी, मग कायदा, असा क्रम दोन्हीकडे एकच दिसतो.

संथाळांची स्वतःची बाजू कुठे वाचायला मिळते का?

मिळते, थोडी. उठाव पाहिलेल्या काही म्हाताऱ्यांच्या आठवणी मिशनऱ्यांनी संथाळीत उतरवून घेतल्या. छोत्राय देसमांझीची आठवण त्यांतली. हुलीच्या आधी उठलेल्या अफवा त्याने सांगितल्या आहेत. एक म्हैस फिरते आहे, ज्या दारात गवत दिसेल तिथे ती चरायला थांबते आणि त्या घरातली सगळी माणसे मरेपर्यंत हलत नाही. मग गावोगावच्या लोकांनी रस्त्यातले गवत खुरपून काढले. माणसे गिळणारे नाग येत आहेत, अशीही आवई होती. सरकारी अहवालांत असंतोषाची कारणे ओळीने मांडलेली सापडतात, पण स्वतःच्या अंगणातले गवत भीतीने उपटणारे गाव या आठवणींतच भेटते.

चित्रे पाहायची असतील तर १८५६ च्या इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये उठावाची काही चित्रे छापली होती. काढणारा वॉल्टर शेरविल, जो याच भागाची मोजणी करणारा लष्करी अधिकारी होता. आज पोस्टरांवर दिसणारे बरेचसे चेहरे कल्पनेतून काढलेले आहेत.

इंटरनेटवरच्या कोणत्या गोष्टी जपून घ्याव्यात?

सिदोच्या फाशीच्या तारखा वेगवेगळ्या फिरतात. एकच तारीख ठामपणे देणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. १७८५ मध्ये भागलपूरला फाशी गेलेला तिलका मांझी हा हुलीचा पुढारी नव्हता, तो सत्तर वर्षे आधीचा. तो संथाळ की पहाडिया यावर वाद आहे. आणि बिरसा मुंडाचे उलगुलान, म्हणजे त्याचा उठाव, वेगळे: काळ १८९९-१९००, लोक मुंडा, प्रदेश रांची-खुंटीचा. व्हॉट्सअॅपवर तिन्ही एका फोटोखाली येतात.

तिथे जायचे असेल तर?

भोगनाडीह साहिबगंज जिल्ह्यातल्या बरहेट भागात आहे. जवळचे मोठे रेल्वे स्टेशन बडहरवा, हावड्याकडून साहिबगंजला जाणाऱ्या लूप लाइनवर. ३० जूनच्या हूल दिवसाला गावात मोठी गर्दी असते, मंत्री-पुढारी येतात, आणि पावसाळा सुरू झालेला असतो. निवांत पाहायचे तर हिवाळा बरा. पाकुड शहरात १८५६ मध्ये इंग्रजांनी बांधलेला मार्टेलो बुरूज आहे, बंदुका रोखायला भोके ठेवलेला, संथाळ पुन्हा उठले तर लपून गोळ्या झाडता याव्यात म्हणून. दुमक्यात सिदो-कान्हू मुर्मू विद्यापीठ आहे. मुक्कामासाठी दुमका किंवा साहिबगंज गाठा, बरहेटमध्ये सोयी कमी आहेत.